दावणीवरचे महिने: बीड जिल्ह्यातील चारा छावण्या आणि त्यांतली गुरे

दुष्काळात गावोगावची गुरे एका ठिकाणी आणून सरकारी अनुदानावर त्यांच्या चाऱ्यापाण्याची सोय करणारी तात्पुरती वस्ती म्हणजे चारा छावणी. बीड जिल्ह्यात २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ अशा तीन दुष्काळांत छावण्या उघडल्या. दर वेळी गाई, बैल, म्हशी आणि वासरे घरच्या गोठ्यापासून दूर, दीड-दोन हात दाव्यावर काही महिने राहिली. या छावण्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले. त्यात अनुदान, राजकारण आणि गैरव्यवहार हेच विषय मोठे. ज्यांच्यासाठी छावणी उभी राहिली ती जनावरे तिथे कशी राहिली, कशी वागली, त्यांच्या अंगावर काय उमटले, याकडे त्या मानाने कमी पाहिले गेले.

मराठवाड्यातल्या गुरांना बांधून राहणे नवे नव्हते, पण ते दिवसभराचे कधीच नव्हते. सकाळी धार काढून झाली की गुरे सुटत. गुराखी त्यांना गायरानात, माळावर, ओढ्याकाठी नेई. उन्हे चढली की झाडाच्या सावलीला बसून रवंथ, कलत्या दुपारी पुन्हा चरणे आणि दिवेलागणीला घरी परतणे असा क्रम असे. गोठा रात्रीपुरता. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाई, पण तोही दंड भरून सुटण्यापुरता मुक्काम. म्हणजे गाव जनावराला बांधत असे आणि रोज सोडतही असे. छावणीने यातला सोडण्याचा भाग काढून टाकला.

ही वेळ का आली हे समजण्यासाठी जिल्ह्याची जमीन पाहावी लागते. बालाघाटच्या रांगेने बीडचे दोन भाग केले आहेत. उत्तरेला गोदाकाठची गेवराई-माजलगावची काळी, सखल जमीन आणि पश्चिमेला आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांचा उथळ, मुरमाड, चढणीचा मुलूख. पावसाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. पण सरासरी हा आकडा इथे फसवा आहे, कारण एका वर्षी पूर तर पुढच्या वर्षी पेरणी वाया. अशा भागात गुरे तगत ती ज्वारीच्या कडब्यावर. रब्बीची मालदांडी ज्वारी निघाली की धान्य घरात आणि कडब्याची गंज अंगणात. चांगल्या वर्षीची गंज वाईट वर्षी पुरवायची, हा शेतकऱ्याचा स्वतःचा दुष्काळी विमा होता.

गेल्या काही दशकांत हा विमा मोडला. ज्वारीच्या जागी कापूस आला, पुढे सोयाबीन आले. पऱ्हाटी चुलीत जाते, गुरांच्या पोटात नाही. सोयाबीनचे भुसकट खातात, पण त्यावर वर्ष निघत नाही. गायराने अतिक्रमणांनी आणि वाटपांनी आक्रसली. धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला. परिणाम असा की पाऊस हुकल्याबरोबर पहिल्याच हिवाळ्यात दावण रिकामी पडू लागली. चाराटंचाई आभाळातून कोसळते असे सांगण्याची सरकारी पद्धत आहे. बीडमध्ये तिचा बराचसा भाग पीकपद्धतीतून उगवला होता.

जुनी माणसे तुलनेला बहात्तरचा दुष्काळ घेतात. १९७२ मध्ये खायला धान्य नव्हते, पण विहिरींना थोडेफार पाणी होते. २०१३ मध्ये दुकानात धान्य होते आणि विहिरीत पाणी नव्हते, असे बीडच नव्हे तर सगळ्या मराठवाड्यात ऐकू येते. जनावराच्या दृष्टीने दुसरा दुष्काळ अधिक कठीण. माणसाला टँकरच्या एका घागरीवर दिवस काढता येतो. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात पन्नास-साठ लिटर पाणी लागते आणि दुभत्या संकरित गाईला त्याहून जास्त. बहात्तरने माणसांसाठी रोजगार हमीची कल्पना पुढे रेटली आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. गुरांच्या वाट्याला असा कायदा आला नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक दुष्काळात नवा शासन निर्णय निघतो, त्यात नवे दर आणि नव्या अटी असतात आणि पाऊस पडला की तो संपतो.

आधी सरकारने चारा डेपो चालवले. डेपोवर वैरण मिळे, शेतकरी ती घरी नेई आणि जनावर आपल्याच गोठ्यात राही. जनावराच्या अंगाने विचार केला तर हीच पद्धत सोयीची: ओळखीची जागा, ओळखीचे शेजारी, ओळखीचा हात. पण डेपोतली वैरण कुठे जाते याचा हिशेब लागत नाही, ती विकली जाते, साठवली जाते अशा तक्रारी वाढल्या. छावणीत जनावर डोळ्यांसमोर असते, त्याला मोजता येते. २०१२-१३ मध्ये सरकारचा भर डेपोवरून छावणीकडे सरकला तो मुख्यतः या मोजणीच्या सोयीसाठी. यात एक गोष्ट सहज निसटून गेली. हिशेब नीट राहावा म्हणून चाऱ्याऐवजी जनावरच हलवायचे ठरले.

छावण्या चालवल्या त्या सहकारी संस्था, दूध संघ, ट्रस्ट, सेवाभावी मंडळे यांनी. त्यांच्यामागे बहुधा तालुक्याचा एखादा पुढारी असे. सरकार जनावरामागे दररोज ठरावीक रक्कम देई आणि चालकाने त्यात वैरण, पाणी, सावली आणि देखभाल भागवायची. आष्टी-पाटोद्याकडे छावण्या अधिक, कारण तिथे दुधाचा धंदा रुजलेला होता. दुभती संकरित गाय विकून मोकळे होणे त्या घराला परवडणारे नव्हते.

छावणीची रचना सगळीकडे जवळपास सारखी असे. माळरानावर किंवा नांगरून पडलेल्या रानात मेखा ठोकून दावणींच्या लांब रांगा काढत. वर बांबू आणि हिरवी जाळी, कुठे पाचट, कुठे नुसते आभाळ. पाण्यासाठी हौद, टँकर आला की गर्दी. रांगांमधून शेतकऱ्यांची पाले: ताडपत्री, बाज, पाण्याचा पिंप, चूल. प्रत्येक घरातले एक माणूस गुरांबरोबर छावणीत मुक्कामाला असे, बहुतेक घरांतून म्हातारा बाप किंवा घरातली बाई. बाकीचे गावात किंवा ऊसतोडीला. त्यामुळे छावणी म्हणजे अर्धे गाव असे, पण ते जनावरांच्या दावणीभोवती मांडलेले.

दिवस वैरणीच्या वाटपाभोवती फिरे. उसाची गाडी आली की तोलून वाटप, मग कोयत्याने किंवा कुट्टी यंत्रावर तुकडे, मग दावणीत टाकणे. २०१९ च्या नियमांत मोठ्या जनावराला रोज १५ किलो हिरवा चारा होता, पुढे तो १८ किलो केला. लहान जनावराला त्याच्या निम्मा. अधूनमधून पेंड. कागदावर हे पुरेसे दिसते, पण गाय दिवसाकाठी किती वेळ खाण्यात घालवते हे त्या कागदावर नव्हते. मोकळी गाय दिवसातले आठ-नऊ तास चरते, म्हणजे शोधते, हुंगते, निवडते, दोन पावले टाकून पुन्हा तोंड घालते. छावणीत तीच गाय आपला वाटा तासा-दोन तासांत संपवते. उरलेला दिवस तिला करायला काही नसते.

हा रिकामा वेळ बांधलेल्या जनावराच्या वागण्यात दिसतो. जीभ तोंडाबाहेर काढून हवेत गोल फिरवत राहणे, दावे किंवा खुंटी चघळणे, पुढच्या पायांवर डोलत राहणे, शेजारणीचे अंग एकसारखे चाटणे. प्राणिसंग्रहालयातला वाघ पिंजऱ्याच्या जाळीलगत येरझाऱ्या घालतो, त्याच जातीचे हे वागणे. चरण्यासाठी घडलेल्या तोंडाला आणि पायांना काम मिळाले नाही की ते असे काम शोधतात. शेतकरी याला आजार म्हणत नाही. ‘गुरू कावलं’ म्हणतो, आणि त्याचे निदान फारसे चुकीचे नसते.

रवंथ हा गुरांच्या आयुष्याचा दुसरा खांब. धडधाकट गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते आणि दहा-बारा तास बसून असते. बसण्याची ही गरज किती खोल आहे हे बाहेरच्या देशांतल्या प्रयोगांत दिसले आहे: काही तास बसू न दिलेल्या आणि त्याच वेळी भुकेल्या ठेवलेल्या गाईंना मोकळीक मिळाली की त्या आधी बसतात, मग खातात. छावणीत बसायला जागा कोरडी हवी. शेण-मूत वेळेवर उचलले नाही तर दावणीखाली चिखल होतो आणि चिखलात गाय बसायला टाळाटाळ करते. उन्हाच्या तडाख्यातही ती उभीच राहते, कारण उभे राहिल्याने अंगाची उष्णता थोडी लवकर बाहेर पडते. मे महिन्यात बीडचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. जाळीखालची सावली माणसाला सावली वाटते, पण वारा अडला की तिथे धाप लागलेली, तोंडातून लाळ गळणारी होल्स्टिन संकरित गाय दिसते. या जातीला पंचवीस-सव्वीस अंशांपुढेच त्रास सुरू होतो. मराठवाड्याच्या देवणी आणि लाल कंधारी जनावरांची कातडी आणि घाम या उन्हासाठीच घडले आहेत. ती छावणीतही त्या मानाने शांत उभी राहतात. ज्या गाईने घराला रोखीचे उत्पन्न दिले तीच उन्हाळ्यात सर्वांत नाजूक ठरली.

म्हशीची गोष्ट आणखी वेगळी. काळी कातडी, विरळ केस, घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून म्हैस पाण्यात किंवा चिखलात डुंबून अंग गार ठेवते. डुंबणे हा तिचा चोचला समजला जातो. प्रत्यक्षात तो तिचा घामच आहे. प्यायलाच टँकरचे पाणी, तिथे डुंबायला कुठले? अंगावर बादलीभर पाणी किंवा ओले पोते टाकण्यावर भागवावे लागे आणि तेही पाणी असेल तेव्हाच.

बांधल्यामुळे होणारा एक त्रास बाहेरच्याला दिसत नाही. आखूड दाव्यावर गाईला स्वतःची पाठ, मांडी, कासेमागचा भाग चाटता येत नाही, झाडाला अंग घासता येत नाही. गोचीड तिथेच साठतात. कळपात एकमेकींना चाटणे हे नाते टिकवण्याचे साधन असते. कोण कोणाला चाटते, कोण कोणाला वाट सोडते हे ठरलेले असते. छावणीत निरनिराळ्या गावांची गुरे शेजारी आली. शिंगे लागली, धक्के झाले, दुबळ्या जनावराच्या पुढ्यातली वैरण दांडग्याने ओढली. शहाण्या चालकांनी आणि त्याहून शहाण्या म्हाताऱ्यांनी एका घराची, एका वाडीची गुरे एकत्र बांधली. बैलांची जोडी तोडली नाही. उजव्या-डाव्या बाजूची सवय झालेला बैल जोडीदाराशिवाय वैरणीला नीट तोंड लावत नाही, हे ज्याने नांगर धरला आहे त्याला सांगावे लागत नाही. शासन निर्णयात याबद्दल ओळ नाही.

छावणीतला सर्वांत मोठा विरोधाभास उसाचा. पाण्याअभावी ज्या जिल्ह्यात छावण्या उघडल्या, तिथे गुरांना घातले ते सर्वाधिक पाणी पिणारे पीक. त्यामागचे कारण सरळ: हिरवा चारा म्हणून लगेच, मोठ्या प्रमाणात, गाडी भरून मिळण्याजोगे दुसरे काही नव्हते. ऊस गोड असतो, जनावर आवडीने खाते, पोट भरल्यासारखे होते. पण उसाच्या कोरड्या वजनात प्रथिने जेमतेम दोन-तीन टक्के. गाईच्या पोटातले सूक्ष्मजंतू तगायलाच साधारण सात टक्के लागतात. त्यामुळे महिनोन्महिने उसावर राहिलेले जनावर पोटाने गोल आणि पाठीने बरगड्या दाखवणारे होते. साखर फार झाली की पोटात आम्ल वाढते, पातळ हगवण लागते, रवंथ कमी होते. रवंथ कमी झाले की लाळ कमी आणि लाळ कमी झाली की आम्ल आणखी वाढते. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या घरात लाळ तयार करते आणि तीच पोटातले आम्ल निववते, हे लक्षात घेतले तर कडब्याची मूठभर काडी इतकी मोलाची का, ते कळते.

वाढ्यांची अडचण वेगळी. उसाच्या शेंड्याकडच्या पानांत ऑक्झलेट जास्त असते. ते अंगातले कॅल्शियम बांधून बाहेर टाकते. त्यातून दूध घटते, हाडे कमजोर होतात, गाई वेळेवर माजावर येत नाहीत, गाभण राहत नाहीत. माती चाटणे, चिंध्या आणि हाडे चघळणे ही खनिजे कमी पडल्याची खूण. पशुवैद्य यावर चुन्याची निवळी आणि खनिज मिश्रण सुचवतात. उपाय स्वस्त आहे. पण छावणीच्या हिशेबात किलोला जागा होती, चिमटीला नव्हती. छावणीतून परतलेल्या गाईंचा पुढच्या वर्षी वेत हुकला की शेतकऱ्याने तो नशिबाच्या खात्यावर टाकला.

बीडच्या बैलांना उसाची ओळख छावणीच्या आधीपासून आहे. जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि त्यांतले अनेक गाडीवान आपली बैलजोडी सोबत नेतात. दसरा-दिवाळीनंतर निघालेला बैल पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात मजुरांच्या कोपीशेजारी बांधलेला असतो, वाढे खातो आणि उसाने भरलेली टायरगाडी ओढतो. बैलांना दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये, तसेच पारा ३७ अंशांवर असताना दुपारी बारा ते तीन जुंपू नये, असे केंद्राचे १९६५ चे नियम सांगतात. कारखान्याच्या गव्हाणीसमोर रात्रभर रांगेत उभ्या असलेल्या गाडीला ते नियम कोणी वाचून दाखवत नाही. हंगाम संपून मार्च-एप्रिलमध्ये हे बैल परतले की दुष्काळी वर्षी घरी वैरण नसे. मग गाडीचे जू उतरले आणि छावणीचे दावे लागले. अशा बैलाच्या वर्षात मोकळ्या माळाचे दिवस किती, ते मोजायला फार बोटे लागत नाहीत.

कायदा या सगळ्याबद्दल गप्प नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या आग्रहातून आला. त्याच्या अकराव्या कलमात जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड दोरीने वा साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. त्याच दशकात इंग्लंडमध्ये ब्रँबेल समितीने १९६५ च्या अहवालात म्हटले की पाळीव जनावराला निदान उभे राहता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आले पाहिजेत. यातूनच पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ आली: भूक-तहान, शारीरिक त्रास, दुखणे-आजार आणि भीती यांपासून मुक्तता, आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या निकालात ही पाच तत्त्वे भारतीय कायद्यात वाचली. शर्यतींचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे: राज्यांनी कायदे बदलले आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ते बदल मान्य केले. पण त्या निकालाच्या मापाने चारा छावणी तपासण्याचा विचार फारसा झाला नाही. पाच तत्त्वांपैकी छावणीने पहिले सांभाळले, तिसऱ्यासाठी लसीकरण आणि पशुवैद्याची भेट ठेवली. उरलेली तीन तिच्या आराखड्यातच नव्हती. तरीही याचा अर्थ छावणी क्रूर होती असा होत नाही. छावणी नसती तर पहिलेही गेले असते.

२०१५-१६ चा दुष्काळ एका नव्या परिस्थितीत आला. महाराष्ट्रात गोहत्येला बंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. मार्च २०१५ मध्ये त्या कायद्यातील दुरुस्ती लागू झाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये कत्तलबंदी कायम ठेवली. दुष्काळात म्हातारा बैल नेकनूर किंवा हिरापूरच्या बाजारात विकून वैरणीचा खर्च वाचवायचा आणि पाऊस पडल्यावर नवा खोंड घ्यायचा, हा शेतकऱ्याचा जुना मार्ग होता. तो बंद झाला. बाजारात गुरे आली, गिऱ्हाईक आले नाही. न विकले गेलेले बैल आणि भाकड गाई दावणीवर राहिल्या, त्यांतल्या काही छावणीत आल्या. कायद्याने जनावराचा जीव वाचवला आणि त्याच्या पोटाची जबाबदारी ज्याच्याकडे कडब्याची पेंढीही नव्हती त्याच्यावर टाकली.

ऑगस्ट २०१५ मध्ये सरकारने बीड, लातूर आणि उस्मानाबाद या तीन जिल्ह्यांत छावण्या उघडण्याचा निर्णय घेतला. फेब्रुवारी २०१६ मध्ये, उन्हाळा तोंडावर असताना, याच तीन जिल्ह्यांतल्या छावण्या बंद करण्याचा आदेश निघाला. रब्बीचा चारा उपलब्ध आहे, असा त्यामागचा हिशेब. जिल्ह्यांतून ओरड झाली आणि काही दिवसांतच आदेश मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी नेले गेले. रब्बीच्या चाऱ्याचा हिशेब किती खरा होता याचा अंदाज त्यावरून येतो. मधल्या त्या काही दिवसांत कोणती गुरे घरी नेली गेली, कोणती बाजारात गेली, कोणती परत आली, याची नोंद छावणीच्या वहीत होत नाही. वहीत फक्त उपस्थिती असते.

उपस्थिती हाच तिसऱ्या दुष्काळाचा मुख्य प्रश्न बनला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला; त्यात बीड जिल्हा होता. जानेवारी २०१९ अखेर छावण्यांचा शासन निर्णय निघाला. सुरुवातीला मोठ्या जनावराला दिवसाला ७० आणि लहान जनावराला ३५ रुपये, मग ९० आणि ४५, आणि मे महिन्यात १०० आणि ५० रुपये. बीडमध्ये लोकसभेचे मतदान १८ एप्रिलला झाले. दर, बिले, मंजुऱ्या यांची चर्चा त्या धुरळ्यातच चालू राहिली. मराठवाड्यातल्या सर्वाधिक छावण्या बीडमध्ये होत्या. एका शेतकऱ्याची पाचच जनावरे घेण्याची अट आधी होती. ती पुढे शिथिल झाली, पण तोवर दहा गुरांच्या घराला कोणती पाच छावणीत न्यायची ते ठरवावे लागले होते. दुभती आणि गाभण गेली; भाकड आणि म्हातारी मागे राहिली.

चालक जनावरांची खोटी संख्या दाखवतात, या आरोपावर उत्तर म्हणून जनावरांच्या कानात बारकोडचा बिल्ला आला आणि मोबाइलवर हजेरी सुरू झाली. अचानक केलेल्या तपासण्यांत वहीतली संख्या आणि दावणीवरची संख्या जुळली नाही, अशी प्रकरणे निघाली, दंड झाले. हे करणे गरजेचे होते यात वाद नाही. मात्र या हजेरीने एकच गोष्ट तपासली: जनावर आहे की नाही. ते बसते का, रवंथ करते का, पाणी कितीदा मिळते, दावे किती लांब आहे, यासाठी बिल्ल्यावर काही नव्हते. तपासणीच्या भीतीने जनावर दिवसभर जागेवरून हलू न देण्याकडे कल वाढला, कारण फिरायला नेलेले जनावर हजेरीला गैरहजर. २०१३ च्या छावणीत निदान कुणी म्हातारा संध्याकाळी बैलांना ओढ्यापर्यंत पाय मोकळे करायला नेऊ शकत असे.

याच जिल्ह्यात दुसरी एक पद्धतही चालू होती. शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडी गावचे शब्बीर सय्यद अनेक वर्षे शंभरावर गाई सांभाळत आले. दुधाचा व्यापार न करता, शेणखताच्या उत्पन्नावर आणि लोकांच्या मदतीवर ते हे करतात. बैल देतात तो फक्त शेतकऱ्याला. प्राणिकल्याणाच्या या कामासाठी त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे त्यांच्याच तालुक्यात छावण्या उघडत होत्या त्याच वर्षी. गोशाळेला दुष्काळ सुटत नाही, वैरण तिलाही लागते. पण तिथल्या गुरांना कळप आहे आणि वर्षानुवर्षे तोच माणूस आहे. छावणी ज्या दोन गोष्टी देऊ शकत नव्हती त्या याच.

२०१९ चा पाऊसही लांबला. जून उलटला तरी रानात हिरवळ नव्हती, छावण्यांची मुदत वाढवावी लागली. पाऊस झाल्यावर गुरे घरी निघाली. महिनोन्महिने बांधलेले जनावर सुटले की पहिल्या मोकळ्या जागेत शेपटी वर करून उधळते, उड्या मारते, शिंगांनी माती उकरते. थकलेली म्हातारी गायही दोन-चार उड्या घेते. त्यानंतर धोका असतो तो कोवळ्या गवताचा. उसाला सरावलेले पोट एकदम ओल्या हिरव्या चाऱ्यावर गेले की फुगते. म्हणून जाणते शेतकरी आधी कडब्याची काडी घालून मगच माळ दाखवतात. छावणी बंद झाल्यावर चालकांची बिले आणि चौकशा बराच काळ चालल्या, मेखा उपटल्या गेल्या, शेणाचे ढीग रानात खत म्हणून गेले.

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केले आणि गोशाळेतल्या देशी गाईसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले. २०१९ च्या छावणीत हा दर वासराचा होता. पशुगणनेनुसार राज्यातला गोवंश २०१२ मध्ये १ कोटी ५४ लाखांच्या पुढे होता. बीडच्या माळावर छावण्या तीनदा उभ्या राहिल्या त्या काळाच्या शेवटी, २०१९ च्या गणनेत तो १ कोटी ३९ लाखांच्या आसपास भरला.